पाच नंबरची जागा

आदल्या संध्याकाळी नऊ वैमानिकांनी
आमच्या खारघरच्या गेस्ट हाउसच्या हॉलमधल्या
खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या,
बूट दाराशी काढले
आणि मोज्यांवर चालू लागले.
डोळे मिटलेले. उजवा तळवा पालथा,
बोटं जुळलेली.
पुढचा म्हणायचा, "वळतोय… वळतोय… आता,"
की मागची आठ मोठी माणसं
एकदम खांदा पाडून
टीव्हीच्या टेबलाला वळसा घालायची.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात.
हसू आलं. हळदीच्या नाचाला
आमची पोरं पावलं बसवतात तसं चाललेलं.
मग पाहिलं, कोण कोणाला घासत नव्हतं.

पाचवा शिंकला.

सगळी रांग थांबली.
कोणी हसलं नाही.
डॉक्टर आला, कानात बॅटरी मारली, मान हलवली.
सर्दीनं वर गेलास तर पडदा फाटेल, म्हणाला.
ते पुन्हा चालले, आठ जण,
आणि पाचव्याइतकी फरशी
मोकळी ठेवून चालले.
कप उचलायला मी नेमकी तिथेच शिरले.
"ताई, तिथं नको," पुढचा म्हणाला, डोळे न उघडता.
वाढलेल्या पानावर पाय पडावा
तशी मी मागे सरले.

दुसऱ्या दिवशी तो आणि मी गच्चीवर.
बऱ्हाटे त्याचं आडनाव, जळगावकडचा.
वाळत घातलेल्या चादरी, पाण्याची टाकी,
त्याच्या हातात शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी,
नाक लाल.
बाकीचे खाडीपलीकडे, धावपट्टीवर.
"तिथं माझं गाव होतं," मी बोट केलं,
"म्हणजे अंगण. किंवा खळं असेल.
नेमकं आता नाही सांगता येत,
खुणेची चिंच गेली."
तो काही बोलला नाही. नाक ओढलं.

आधी ती आली, आवाज नंतर.
चादरी थरारल्या.
त्याचा उजवा हात आपोआप उठला,
पालथा, बोटं जुळलेली.
"वळतोय… वळतोय…" पुटपुटला, "आता,"
की तिकडे आभाळात आठही कलली.
दोरी जणू ह्याच्याच बोटाला.
ती उलटी झाली तेव्हा त्याचा तळवा उताणा,
ती सरळ चढली तेव्हा हा टाचांवर.
धुराच्या आठ रेघा,
आणि मधे एक रेघ नव्हती.

शेजारच्या गच्चीवर एक पोरगं मोजत होतं.
"पप्पा, आठच! एक पडलं का?"
"डिझाइन असतं ते," बाप म्हणाला,
मोबाइल वर धरून,
आणि टाळ्या.

भर गोलात असताना ह्याला शिंक आली.
हात हलला.
वरची जागा हलली नाही.

किती वेळ तो त्याच हाताकडे बघत बसला.
वर धूर फाटून उरणच्या बाजूला सरकत गेला,
खाली गाड्यांचे हॉर्न सुरू झाले,
मी चादरी काढायला घेतल्या.
तेव्हा म्हणाला,
"ताई, चिंच कुठल्या हाताला होती?"

मी घडी टाकीवर ठेवली.
चपला काढल्या. गच्ची तापलेली.
डोळे मिटले, तळवा पालथा धरला,
आणि घरतांच्या ओटीवरून निघाले,
विहीर उजवीकडे ठेवत,
कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा,
मिठागराच्या बांधापर्यंत.
आश्चर्य म्हणजे पाय अडखळले नाहीत.
मागे मोज्यांचा आवाज येत होता,
बरोबर एका पावलाच्या अंतरावर.
"वळतेय," मी म्हटलं. "वळतेय… आता."
तो जरा आतून वळला.

"दादा, तिथं नको," मी म्हटलं.
"तिथं चूल आहे."